स्वस्तातली फ्लिंटलॉक रायफल घेताना काय तपासावं

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात फ्लिंटलॉकने, म्हणजे चकमकीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या जुन्या धाटणीच्या बंदुकीने, हरणाच्या शिकारीचा हंगाम १९७४ मध्ये सुरू झाला. अशा हंगामासाठी कमी किमतीची, वापरलेली रायफल बघत असाल तर पितळेच्या नक्षीकडे लक्ष देऊ नका. पैसे लॉकचे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे, मोजायचे असतात.

त्याआधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा. गज (दारू-गोळी ठासायची काठी) नळीत तळापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा आणि गज बाहेरून नळीला लावून बघा. खूण नळीच्या तोंडाशी धरली की गजाचं टोक टच होलच्या (नळीच्या बाजूला असलेल्या, आग आत नेणाऱ्या भोकाच्या) जवळपास पोचायला हवं. दोन-तीन इंच कमी पडलं तर आत जुना बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, असू शकतो. तो जाणकाराकडून काढून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता लॉक. घोडा (चकमक धरणारा भाग) अर्धा चढवा, नळी सुरक्षित दिशेला धरून चाप दाबा. घोडा हलता कामा नये. पूर्ण चढवून मागून अंगठ्याने पुढे रेटा, तरी सुटता कामा नये. यातलं एकही झालं तर आतली खाच झिजलेली आहे. ती घरी कानशीने घासून बसवायच्या फंदात पडू नका. अशी रायफल सोडून द्या.

मग विक्रेत्याच्या परवानगीने अंधाऱ्या जागी, रंजक (पेटवणीची बारीक दारू) न घालता ठिणग्या बघा. चकमक फ्रिझनवर, म्हणजे समोरच्या पोलादी पट्टीवर, वरच्या भागात आदळून खाली खरवडत यावी आणि पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या थेट वाटीत (टच होलजवळच्या, रंजक ठेवायच्या खळग्यात) पडाव्यात. ठिणग्या लालसर, मरगळलेल्या असतील तर लगेच फ्रिझनला दोष देऊ नका. स्वस्त रायफलींबरोबर बरेचदा करवतीने कापलेला अकीक येतो; त्याजागी हाताने फोडलेली काळी इंग्लिश चकमक चामड्यात घट्ट बसवून पुन्हा बघा. तरीही फ्रिझनवर खोल चरे पडत असतील तर पोलाद मऊ आहे. चकमक नुसतीच घसरत असेल तर ते फाजील कडक आहे. फ्रिझन उघडून उलट आदळत असेल तर त्याची स्प्रिंग बिघडली आहे, आणि चकमका भराभर तुटतील. २० फटक्यांत १८ वेळा भरपूर ठिणग्या पडल्या तरच लॉक भरवशाचं म्हणावं.

टच होल साधारण १/१६ इंचाचं, वाटीच्या वरच्या काठाच्या पातळीत असावं. फार खाली असेल तर रंजक त्यात भरून वातीसारखं हळू जळतं आणि बार उशिरा उडतो. पसरलेलं, कडा झिजलेलं भोक बदलता येण्याजोगं असेल तर ती मोठी अडचण नाही. नळी आणि लॉक यांच्यामध्ये फट मात्र नको. रंजक तिथून आत सांडतं.

नळीत बारीक दिवा सोडा. वरवरचा गंज निघतो, पण तळाशी खड्डे असतील तर गोळीभोवती गुंडाळलेल्या कापडाचे धागे अडकतात, धुमसत राहतात आणि पुढचा बार भरताना जीवावर बेततं. ४८ इंचांत एक फेरा असलेले आटे (नळीच्या आतले पिळाचे चर) गोल गोळीला चालतात. दस्त्याच्या मनगटाशी (चापामागच्या बारीक भागाशी) लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने जाव्यात. आडव्या असतील तर तिथेच तडकतं.

भारतात बनलेल्या, टच होल न पाडता निर्यात होणाऱ्या नकला मस्केट प्रकारच्या असतात. त्यांना आटे नसतात, त्यामुळे त्या रायफली नव्हेत. प्रूफ-चाचणीचा (नळी जास्त दाब सोसते का याच्या तपासणीचा) शिक्का नसेल तर त्यांना भोक पाडून बार भरू नये. इटालियन नळीवर गार्दोनेच्या प्रूफ-हाऊसचे शिक्के शोधा.

चाचणीसाठी खरी काळी दारूच घ्या: वाटीत ४एफ, नळीत २एफ किंवा ३एफ (आकडा जितका मोठा तितके दाणे बारीक). पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूला पेटायला जास्त उष्णता लागते. ती वापरून रायफल रुसली, तर दोष रायफलीचा नसतो.