रोहिणीच्या पेरणीआधी: घरी शिकणाऱ्या मुलांचा उन्हाळा

आमची मुलं घरीच शिकतात. एप्रिलमध्ये शाळांना सुट्टी लागते, बेळगावहून चुलत-आते भावंडं खानापूरकडच्या आमच्या गावी येतात आणि घरचा अभ्यास मोडतो. पूर्वी मी तासातासाचं वेळापत्रक भिंतीवर लावायची. ते टिकलं नाही. आता शेतातल्या कामालाच अभ्यास जोडते, आणि आलेली भावंडंही त्यात बसतात.

आधी एकच सवय धरा, आणि ती घड्याळाला नाही, कामाला बांधा. मोटरीला थ्री-फेज लाईट रात्री आली की घर उशिरा उठतं, मग सहाचा अभ्यास कुठला? म्हशीची धार मात्र चुकत नाही. म्हणून धार काढून झाली की लगेच वही उघडायची: तारीख, दूध किती लिटर, काल शेतात काय झालं, एवढ्या तीन ओळी. लहानग्यानं चित्र काढलं तरी चालेल. ही सवय अंगवळणी पडेपर्यंत दुसरी लावू नका. एखादा दिवस चुकला तर रागावू नका, दुसऱ्या दिवशी वही पुढं ठेवा.

मे महिन्यात गणित घ्या, तेही बियाण्यावर. सोयाबीनचे 100 दाणे मोजायला लावा. निवडून चांगले घ्यायचे नाहीत, मूठ घालून येतील ते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरं गोणपाट घालून गुंडाळी सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायची जबाबदारी एकाच मुलाची. आठवड्यानं उघडून धड कोंब आलेले दाणे मोजायचे. 70 किंवा जास्त असले तर बियाणं पेरणीजोगं. कमी असले तर एकरी बियाणं वाढवावं लागेल किंवा बदलावं लागेल. भाताला हीच मर्यादा 80 आहे. शेकडेवारी समजायला याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही, कारण त्या आकड्यावर आज्जा खरोखर निर्णय घेतात. मूल 'त्र्याहत्तर!' म्हणून ओरडत ओसरीवर पळतं, तेव्हा त्याला आपण घरातलं माणूस झालो असं वाटतं.

कन्नडसाठी जमिनीचा उतारा काढा. आपल्याकडे तो कन्नडमध्येच येतो, आणि कितीतरी घरांत तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. रोज दोन शब्द: आधी आपलं नाव, मग गावाचं, मग पीक. क्षेत्र एकर-गुंठे-आण्यांत असतं: 16 आणे म्हणजे 1 गुंठा, 40 गुंठे म्हणजे 1 एकर. हिश्शाची वजाबाकी तिथंच शिकवा.

दुपारी ऊन असताना काही शिकवू नका. फणसाखाली खेळू द्या, झोपू द्या.

वळवाच्या पावसाआधी पर्जन्यमापक तयार ठेवा. सरळ बाजूंची बाटली वरून कापा, तळाच्या खाचा बुडतील इतकं पाणी घालून तिथं शून्याची रेघ मारा आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. कापलेलं तोंड उलटं करून वर बसवा. झाडापासून लांब, उघड्यावर ठेवा. 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर साधारण हजार लिटर पाणी, म्हणजे गच्चीवरची एक मोठी टाकी. मुलांना आपल्या वाफ्याचे गुंठे धरून हिशेब करू द्या.

रोहिणी नक्षत्र 25 मेच्या सुमारास लागतं आणि भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी, सुरू होते. तेव्हा पाठ्यपुस्तकं आठवडाभर बंद ठेवा. धारेनंतरची तीन ओळींची वही मात्र चालू राहू द्या. मिरगाला ती आज्जांसमोर मोठ्यानं वाचायची असं आजच ठरवून टाका.