सार्वजनिक शाळेचे हेतू वेळापत्रकात कसे तपासावेत

‘सुजाण नागरिक घडवणे’ हे वाक्य बहुतेक सार्वजनिक शाळांच्या उद्दिष्टांत असते. त्यासाठी प्रत्यक्षात किती वेळ दिला जातो, हे मात्र मोजावे लागते. परीक्षा किंवा स्नेहसंमेलनाचा आठवडा टाळून एका वर्गाचे वेळापत्रक घ्या. ५ दिवस, रोज ८ तासिका, प्रत्येकी ४० मिनिटांची, म्हणजे १,६०० मिनिटे.

कागदावर तीन रकाने आखा. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड लाबारी यांनी १९९७ मध्ये केलेली विभागणी इथे चांगली चालते: लोकशाही समता (सर्वांना नागरिक म्हणून तयार करणे), समाजाला लागणारी कौशल्ये आणि प्रत्येकाची वैयक्तिक प्रगती. पहिल्या दोन्हींचा लाभ सगळ्या समाजाला होतो, अगदी ज्यांना मुले नाहीत त्यांनाही. शाळा सार्वजनिक पैशातून चालवण्याचा आधारच तो. तिसऱ्याचा लाभ मुख्यतः त्या विद्यार्थ्याला.

खरी अडचण मिनिटे वाटताना येते. विषयाचे नाव पाहून रकाना ठरवू नका. नागरिकशास्त्राच्या तासिकेत फक्त प्रश्नोत्तरे उतरवून घेतली आणि त्यावर क्रमांक लागला, तर ती ४० मिनिटे तिसऱ्या रकान्यात जातात. उलट विज्ञानाच्या तासिकेत मुलांनी २५ मिनिटे पुरावे तपासून एकमेकांचे म्हणणे खोडले किंवा मान्य केले, तर तेवढी पहिल्यात टाका. वाचन-लेखन तिन्हींना पुरते; वाद झाला तर मूल्यमापनात काय विचारले जाते ते पाहा. एकच मिनिट दोन रकान्यांत धरले की बेरीज फुगते. परिपाठ सरसकट नागरिकत्वात धरणे ही नेहमीची चूक. रांगेत उभे राहून फक्त सूचना ऐकल्या असतील तर तो वेळ वेगळा ठेवा.

मग तुकड्या पाहा. त्या गुणांवरून पाडल्या असतील तर पहिला रकाना कितीही भरलेला दिसला तरी त्यावर फार विसंबू नका. १८३७ नंतर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात शिक्षणसुधारक होरेस मान यांनी ज्या सामाईक शाळेचा आग्रह धरला, तिचा पायाच सर्व थरांतली मुले एकत्र बसण्यावर होता.

पहिल्या रकान्यात ८० मिनिटे निघाली तर ती जेमतेम ५ टक्के. नवी तासिका वाढवू नका. परीक्षा जवळ आली की तीच पहिली गळते. असलेल्यांपैकी एक वर्गसभेला द्या. मुलांचा निर्णय खरोखर पाळता येईल असाच विषय तिथे ठेवा, उदाहरणार्थ वर्गातल्या पुस्तकांच्या देवघेवीचे नियम. निर्णय मोठ्यांनी परस्पर फिरवला, तर सभा न घेतलेली बरी. सहा आठवड्यांनी त्याच वर्गाची मिनिटे पुन्हा मोजा.