आग लागली तर बाहेर कसं पडणार? घर-इमारत बांधताना या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका अपार्टमेंटमध्ये आम्ही जिना उतरायचा सराव घेतला. संध्याकाळची वेळ, जिन्यातले दिवे मुद्दाम बंद केलेले, आणि प्रत्येकाने डोळ्यांवर रुमाल नाहीतर ओढणी बांधून, भिंतीला हात लावत खाली यायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू पहिल्याच वळणावर अडखळल्या. पायाला चपलांचं कपाट लागलं होतं. ते चुकवून पुढे आल्या तर मुलाची सायकल, मग मातीची रिकामी कुंडी, आणि तळाशी जिन्याला खेटून उभ्या केलेल्या सहा दुचाकी. काकूंनी रुमाल सोडला आणि म्हणाल्या, "रोज हितनंच जातो की ओ. कधी लागलं नाही."

रोज उजेडात उतरतो तो जिना वेगळा आणि धुरात चाचपडत उतरायचा जिना वेगळा. मी बेळगाव-खानापूर भागात घरांचे नकाशे काढते. माझ्याकडे येणारी माणसं चोराची काळजी करतात, इथल्या पावसाची करतात, वास्तूची तर करतातच. आग लागली तर घरातली म्हातारी माणसं कुठून बाहेर पडतील, हे विचारणारे फार थोडे. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका त्या एका न विचारलेल्या प्रश्नातून आलेल्या आहेत.

जिन्याखाली मीटर, मीटरखाली गाडी

आपल्याकडची ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी तीच. शहापूर, अनगोळ, वडगाव, कुठल्याही गल्लीत तीन-चार मजली इमारतीत शिरा. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सगळ्या घरांचे मीटर एका लाकडी फळीवर ठोकलेले दिसतील. फळीखाली दुचाकी, दुचाकीमागे रद्दी, रंगाचे उरलेले डबे, जुनी गादी. ठिणगी पडायची जागा, पेट घेणारं सामान आणि सगळ्या इमारतीचा बाहेर पडायचा एकुलता एक रस्ता, तिन्ही एकाच कोपऱ्यात आणून ठेवलेले. रात्री दोन वाजता मीटरच्या जोडणीत आग लागली तर टायर आणि पेट्रोल पेटायला वेळ लागत नाही. जिना मग धुरांड्यासारखं काम करतो. गरम धूर वर चढतो, आणि वरची माणसं नेमकी त्याच धुरात उतरू पाहतात.

आगीत माणूस भाजून मरतो, ही आपली समजूत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ज्वाळा पोचायच्या आधी धूरच माणसाला गाठतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही.

नवं बांधकाम असेल तर मीटरची खोली जिन्यापासून तोडा. विटांची भिंत, लोखंडी दार, आणि ते दार जिन्यात न उघडता बाहेर मोकळ्यात उघडणारं. जुन्या इमारतीत मीटर हलवणं खर्चाचं आणि परवानगीचं काम आहे, ते मला ठाऊक आहे. तोवर निदान लाकडी फळी काढून मीटर पत्र्याच्या पेटीत घ्या, सैल झालेल्या जोडण्या वायरमनकडून आवळून घ्या आणि गाड्या बाहेर काढा. गाडी चोरीला जाईल म्हणाल तर बाहेर लोखंडी कडी बसवून साखळीने बांधता येते. जिन्याला दुसरी सोय नाही.

इलेक्ट्रिक स्कूटर तर जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावूच नका. लिथियम बॅटरी पेटली की धूर विषारी असतो, आणि विझली असं वाटल्यावरही ती पुन्हा पेट घेऊ शकते. आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरने वरची ज्वाळा दबते, आतली उष्णता राहते. चार्जिंगची जागा मोकळ्या अंगणात किंवा कंपाउंडच्या भिंतीजवळ करा.

जिन्याच्या रुंदीचंही इथेच सांगते. नॅशनल बिल्डिंग कोड राहत्या घरांच्या जिन्याला किमान १ मीटर रुंदी सांगतो, शाळांना दीड मीटर, आणि सभागृह व दवाखान्यांना २ मीटर. गल्लीतल्या अरुंद प्लॉटवर खोली मोठी निघावी म्हणून जिन्यातून अर्धा फूट कापा असा आग्रह होतो. तो अर्धा फूट मी सोडत नाही, आणि तुम्हीही इंजिनीअरला सोडू देऊ नका. दोन माणसं एका आजारी माणसाला उचलून उतरतात तेव्हा त्याची किंमत कळते.

धुराच्या वाटा

२३ फेब्रुवारी २०१० रोजी बेंगळूरच्या कार्लटन टॉवर्स इमारतीत आग लागली आणि ९ जणांचा जीव गेला. आग विजेच्या डक्टमधली, म्हणजे केबल मजल्यामजल्यावर नेणाऱ्या उभ्या पोकळीतली होती, पण धूर डक्टमधून मजल्यामजल्यावर पसरला. बाहेर पडायचे जिने धुराने भरलेले नाहीतर अडवलेले. काहींनी काचा फोडून खाली उड्या घेतल्या. आपल्याच कर्नाटकातली ही घटना, तरी आपल्या इमारतींमधले डक्ट आजही तळापासून गच्चीपर्यंत उघडेच असतात.

तुमच्या इमारतीचा डक्ट तपासायला दोन मिनिटं लागतात. तळमजल्यावर डक्टचं दार उघडा आणि टॉर्च वर मारा. उजेड दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला तर धूरही जाईल. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी केबलभोवतीचं भोक आगीला टिकणाऱ्या मसाल्याने बंद व्हायला हवं. गवंडी घाईत तिथे पिवळा फोम मारतो. साधा फोम स्वतःच पेटतो, त्यामुळे तो नको. आणि इंटरनेटवाला नवी केबल ओढून गेला की ते भोक पुन्हा उघडं पडतं, तेव्हा त्याच दिवशी बुजवून घ्या.

याच्या उलट, जिन्याच्या डोक्यावर धुराला बाहेर जायला वाट हवी. आपण काय करतो? पावसाचा झोत येतो म्हणून जिन्याच्या माथ्यावरची खिडकी काचेने बंद करतो आणि गच्चीच्या दाराला कुलूप घालतो. त्या टिळकवाडीच्या इमारतीत गच्चीची किल्ली वॉचमनकडे होती आणि वॉचमन गावी गेला होता, खानापूरला. पावसासाठी तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवा, पाणी आत येत नाही आणि धूर बाहेर जातो. गच्चीच्या दाराला आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी लावा. पहिला प्रयत्न नेहमी खाली उतरण्याचा. पण खाली वाट उरली नाही तर वरचं दार हाताने उघडायला हवं.

ग्रिलबद्दल थोडक्यात. खिडकीला, बाल्कनीला पिंजऱ्यासारखं ग्रिल आपण चोरासाठी लावतो, आणि बंबवाल्यांनी शिडी लावली तरी आतला माणूस बाहेर येऊ शकत नाही. निदान प्रत्येक मजल्यावर, जमलं तर प्रत्येक झोपायच्या खोलीत, ग्रिलचा एक भाग बिजागरीवर उघडणारा करा. माणूस खांद्यांसकट बाहेर पडेल एवढा. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली त्याच खिडकीशेजारी, लहान मुलालाही ठाऊक असेल अशा खिळ्यावर. फॅब्रिकेटरला ग्रिल बनवतानाच सांगितलं तर खर्च किरकोळ. नंतर कापून बसवायचं म्हटलं की सगळेच टाळतात.

"सारखं पडतंय, मोठा टाकून द्या"

एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज आपोआप तोडणारा स्विच, वारंवार पडतो, म्हणून १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवला, असं मला अभिमानाने सांगणारे भेटतात. एमसीबी भिंतीतल्या वायरचं रक्षण करतो. वायर २.५ चौरस मिलिमीटरची आणि एमसीबी ३२ चा, म्हणजे वायर भिंतीत तापत राहील आणि एमसीबी स्वस्थ बसेल. सतत पडतोय याची कारणं बहुधा तीन असतात: एका सर्किटवर भार जास्त झालाय, कुठेतरी जोडणी सैल आहे किंवा उपकरणात बिघाड आहे. ते शोधा. २००० वॉटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो. त्याच लाइनवर इस्त्री आणि मायक्रोवेव्ह जोडले की हिशेब सरळ आहे. गीझर आणि एसीला बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढा.

प्लग हाताला गरम लागतो, सॉकेटचा रंग तपकिरी होतोय, माशासारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येतोय, ही आगीची आगाऊ सूचना आहे. त्या दिवशीच ते सॉकेट बंद करा. जुन्या घरात फ्यूजमध्ये तांब्याच्या दोन-तीन तारा पिळून घातलेल्या असतात, त्या काढून बोर्ड बदलून घ्या. सोबत आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. ३० मिलिअँपिअरचा माणसाला झटक्यापासून वाचवतो, आणि जमिनीकडे गळणाऱ्या करंटने आग लागू नये म्हणून वीजही लवकर तोडतो.

वडगाव-खासबागच्या घरांमध्ये हे सगळं दुपटीने लागू आहे, कारण तिथे खाली माग आणि वर बिऱ्हाड. एका घरी मी गेले तेव्हा माग चालू होते. ट्यूबलाइटच्या पट्टीवर, पंख्याच्या पात्यांवर आणि उघड्या स्विचबोर्डच्या आत सुताची धूळ बोटभर साचलेली. त्या धुळीवरून आग पळते. वर जायचा जिना मागांच्या मधून, लाकडी, आणि बाजूला सुताच्या पेट्या. घरच्या आजी वर, पायाने अधू. आम्ही तिथे फार मोठं काही केलं नाही. मोटरचा आणि घराचा बोर्ड वेगळा केला, दोन्ही बंद पेटीत घेतले, जिना मागांपासून भिंतीने तोडून त्याचं दार थेट गल्लीत काढलं, आणि आजींची झोपायची जागा खाली, रस्त्याकडच्या खोलीत आणली. रोज माग बंद केल्यावर झाडू आणि आठवड्यातून एकदा मेन स्विच पाडून बोर्डाची सफाई, हे घरच्यांनी स्वतः ठरवलं. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारींनाही हाच न्याय: थप्पी बल्बला आणि वायरिंगला भिडू देऊ नका, मधून माणूस जाईल एवढी वाट ठेवा.

सिलिंडर आहे, पण वापरणार कोण?

आग विझवायचं सिलिंडर बहुतेक ठिकाणी दाराआड लटकलेलं असतं. ते बाहेर पडायच्या वाटेवर, डोळ्यांसमोर हवं. घरासाठी, दुकानासाठी एबीसी पावडरचं चालतं. महिन्यातून एकदा काटा हिरव्यात आहे का ते पाहा, पिन आणि नळी तपासा. आग लागल्यावर पाठ दाराकडे ठेवून, ज्वाळेच्या बुडाशी मारायचं. एकदा मारून विझलं नाही तर सोडा आणि निघा. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात नाही. गॅस बंद, कढईवर झाकण, आणि कढई उचलायची नाही.

गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. ओट्याखालच्या बंद कपाटात सिलिंडर ठेवता तेव्हा त्या कपाटाला तळाशी हवा जायला भोकं हवीत. सिलिंडर बाहेर ठेवून पाइप आत आणला तर उत्तम. वास आला तर बटणाला हात लावू नका, चालू करायलाही नाही, बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर, मग १९०६ ला, म्हणजे गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन.

मंगल कार्यालयं आणि क्लासेस

इथे माझा जीव सर्वांत जास्त टांगणीला लागतो. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला ५९ जण गेले. सुरतेत २४ मे २०१९ ला क्लासला आलेले २२ विद्यार्थी गेले, आणि ती काही गगनचुंबी इमारत नव्हती. कोडमध्ये १५ मीटर आणि त्यावरची इमारत उंच धरली जाते, म्हणून "आमची त्यात बसत नाही" हे उत्तर मी फार ऐकते. गच्चीवर पत्र्याची शेड टाकून क्लास काढला की उंची पुरत नसली तरी धोका पूर्ण असतो.

कार्यालयात लग्नाला जाल तेव्हा मागचं दार बघा. भांड्यांची चोरी नको म्हणून त्याला साखळी असते, नाहीतर केटररची टेबलं लावलेली असतात. गर्दीच्या जागेची दारं बाहेरच्या बाजूला उघडायला हवीत. आत उघडणारं दार मागून रेटा आला की उघडतच नाही. यजमान म्हणून हॉल ठरवतानाच मालकाला सांगा, "लग्न चालू असेपर्यंत दोन्ही दारं मोकळी पाहिजेत." पैसे देणाऱ्याचं ते ऐकतात.

कागदाचंही सांगते. इमारतीला अग्निशमन दलाचा दाखला मिळतो तो नकाशावर आणि अटींवर. पुढे स्टिल्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या पार्किंगमध्ये दुकानं निघतात, दोन फ्लॅट एक होतात, दुसरा जिना बंद होतो, आणि दाखला फाइलमध्ये तसाच राहतो. आपल्याकडे तो बहुधा कन्नड नाहीतर इंग्रजीत असतो, त्यामुळे कमिटीतले अनेक जण वाचतही नाहीत. एकदा कोणाकडून तरी समजून घ्या, अटी मराठीत लिहून तळमजल्यावर लावा. तीन महिन्यांतून एकदा सगळ्यात वरच्या मजल्यावरची होज रील (आग विझवायच्या पाण्याच्या नळीची गुंडाळी) उघडून पाणी येतं का ते पाहा. मी पाहिलेल्या एका पेटीत नळीऐवजी झाडू होते.

शेवटचं, गल्लीचं. बंबाला आत यायला कंपाउंडचं फाटक साडेचार मीटर रुंद आणि कमानीखाली ५ मीटर उंची असावी लागते. जुन्या गल्ल्यांमध्ये एवढं मिळणार नाही, मग आहे ती वाट तरी गणपतीच्या मंडपाने आणि रात्री लावलेल्या गाड्यांनी बुजू नये. मंडळाची बैठक बसते तेव्हाच बंब कुठून येणार ते ठरवा. आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावाल तेव्हा नुसता पत्ता देऊ नका. काय पेटलंय, वर किती माणसं अडकलीत आणि गाडी कुठल्या बाजूने शिरेल ते सांगा: "देवळाच्या बोळातून नको, मागच्या रस्त्याने या, कोपऱ्यावर माणूस उभा करतो."