पुण्यात सापडलेली राणी मुंगी कोणती, हे ओळखायचं कसं?

वळवाची एखादी जोरदार सर येऊन गेली की संध्याकाळी वेताळ टेकडीवर, तळजाईवर, अगदी सोसायटीच्या जिन्यातल्या दिव्याखालीसुद्धा पंख गाळलेल्या राण्या धावताना दिसतात. घरी वसाहत वाढवण्यासाठी त्यातली एक उचलून पाणी-कापसाच्या टेस्ट ट्यूबमध्ये ठेवणं तुम्हाला जमतं, असं धरून चालतो. पुढचं काम तिची ओळख पटवण्याचं. ते टाळू नका, कारण राणीचं जगणं त्यावर ठरतं. मुंगळ्याची राणी पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येईपर्यंत काही खात नाही. तिला अंधारात निवांत सोडायचं असतं. पोनेरिनी गटातल्या बऱ्याच राण्या मात्र पहिल्यापासून शिकार करतात. त्यांना उपाशी ठेवलं तर वसाहत उभीच राहत नाही.

आधी ती वाळवी नाही ना, ते बघा. वाळवीच्या मिशा सरळ असतात, कंबर नसते आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतात. मुंगीच्या मिशीला कोपर असतं.

मग ती राणीच आहे का, ते बघा. छाती फुगीर आणि तिच्यावर पंख तुटल्याच्या खुणा हव्यात. डोकं चिमुकलं आणि अंग सडपातळ असेल तर तो नर, सोडून द्या. डायाकामा या जीनसमध्ये (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) पंखवाली राणी नसतेच, तिथे कामकरी मुंगीच अंडी घालते. त्यामुळे तिची राणी शोधत बसू नका.

आता खरी अवघड पायरी: कंबर. मी सगळ्यात जास्त काळ इथेच अडकलो होतो, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात. ‘काळी आणि मोठी, म्हणजे कॅम्पोनोटस (मुंगळ्यांचा जीनस)’, ‘लाल आणि छोटी, म्हणजे फायर अँट’. रंगावरून ओळख सांगणाऱ्याचं ऐकू नका. एकाच जातीत रंग कमी-जास्त असतो, आणि एकमेकींशी दूरचंच नातं असलेल्या जाती सारख्याच रंगाच्या निघतात. वरून काढलेला फोटोही निरुपयोगी, कारण कंबरेच्या गाठी वरून नीट दिसत नाहीत. राणी बाजूनेच बघायची.

त्यासाठी ट्यूब पाच-सात मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरमध्ये कधीही नाही. राणी मंदावली की तिला सपाट तळाच्या पारदर्शक डबीत घ्या. ट्यूबची गोल काच आकार वेडावाकडा दाखवते. दहापट भिंग लागेल. रविवार पेठेत सोनारकामाची अवजारं विकतात तिथे ते मिळतं. मोबाइलवर लावायची मॅक्रो लेन्सही चालते, पण प्रकाश मागून द्या.

छाती आणि पोट यांच्यामध्ये गाठी किती, ते मोजा. दोन असतील तर बहुतेक मिर्मिसिनी गटातली. त्यातले जीनस: फिडोले, सोलेनोप्सिस, क्रेमॅटोगॅस्टर, मेरॅनोप्लस. टेट्रापोनेराच्या कंबरेतही दोन गाठी असतात, पण ती लांबट आणि झाडावर राहणारी. त्यातल्या रुफोनायग्रा जातीचं डोकं आणि पोट काळं, छाती तांबूस. तिचा डंख फार वाईट, उघड्या हाताने धरू नका. गाठ एकच असेल तर पोटाचं टोक बघा. केसांनी वेढलेलं गोल छिद्र म्हणजे फॉर्मिसिनी, म्हणजे मुंगळे आणि त्यांचे भाऊबंद. नुसती चीर असेल तर डोलिकोडेरिनी. डंख असेल तर बहुधा पोनेरिनी.

इथे दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पोनेरिनींच्या पोटाला पहिल्या भागानंतर एक खाच असते आणि पहिला भाग दुसऱ्या गाठीसारखा वाटतो. खरी दुसरी गाठ पोटापेक्षा स्पष्टच बारीक असते. पोटाएवढी रुंद दिसली तर ती गाठ नव्हे, पोटच. दुसरी फसगत टॅपिनोमाची. तिची एकुलती गाठ चपटी असते आणि पोटाखाली दडते, त्यामुळे कंबरच नाही असं वाटतं. घाई न करता डबी फिरवून दोन्ही बाजूंनी बघा.

कंबर पक्की झाली की मिशीचे भाग मोजा. कोपरापर्यंतचा लांब दांडा हा एक भाग, तो विसरू नका. फिडोलेचे बारा, टोकाचे तीन जाड. मेरॅनोप्लसचे नऊ. सोलेनोप्सिसच्या कामकरी मुंगीचे दहा आणि टोकाचे दोन जाड, पण राणीचे बहुधा अकरा. ओळखतक्ते बहुतेक कामकरी मुंग्यांवरून बनवलेले असतात, त्यामुळे राणीला ते जसेच्या तसे लावले की चुकीचं उत्तर येतं. क्रेमॅटोगॅस्टर त्या मानाने सोपी: कंबर पोटाला वरच्या बाजूने जोडलेली, आणि वरून बघितलं तर पोट बदामाच्या आकाराचं.

जीनस कळला की थांबा. एकट्या राणीवरून जातीचं नाव छातीठोकपणे सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मुंग्यांच्या यादीत 100 जीनस आणि 828 जाती-उपजाती आहेत. प्रत्येक काळ्या राणीला कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस म्हणणं हा निव्वळ आळस आहे. त्याच जीनसमधल्या सेरिसियसच्या पोटावर सोनेरी मऊ लव असते, पॅरियसच्या पोटावर करडी झाक असते. तरीही कामकरी मुंग्या आल्यावरच ठरवा, आणि पहिल्या पिढीवरून तर नाहीच. ती खुरटी असते आणि मोठ्या डोक्याच्या मुंग्या सहसा नंतर येतात.

पुढे एखादी कामकरी मुंगी आपसूक मेली की ती सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. राणी सापडल्याची तारीख, जागा आणि तिथे माती होती, झाड होतं की दिवा, हे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. पेन्सिलने लिहा, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.