युद्धातल्या पत्रावरचा शिक्का कुठला, हे कसं ओळखावं?

जुन्या ट्रंकेत किंवा तिकीटविक्रेत्याच्या डब्यात ब्रिटिश फौजेचं पाकीट सापडतं. शिक्क्यावर 'फील्ड पोस्ट ऑफिस', एक आकडा आणि तारीख, बस्स. गावाचं नाव मुद्दामच गाळलेलं असतं, म्हणजे पत्र शत्रूच्या हाती पडलं तरी फौजेचा ठावठिकाणा कळू नये. ही टपाल कार्यालयं ब्रिगेड-डिव्हिजनबरोबर फिरायची. त्यामुळे 'हा नंबर कुठल्या गावाचा?' असं विचारून हाती काही लागत नाही. त्या तारखेला तो नंबर कुठे होता, हे शोधायचं.

सुरुवात तारखेपासून करा. पाकीट दिव्याखाली तिरपं धरा, भिंग लावा किंवा मोबाईलवर फोटो काढून गडद करून बघा. ब्रिटिश शिक्क्यांत महिने दोन अक्षरांत असतात: 'एमआर' म्हणजे मार्च, 'एमवाय' म्हणजे मे, 'जेवाय' म्हणजे जुलै. जूनचं 'जेयू' पुसट असेल तर जुलै वाटतं, आणि इथेच घोटाळा होतो. १९४४ साली ४ जूनला रोम पडलं. १० जुलैला मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे रोमच्या उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले. म्हणजे एका अक्षराच्या चुकीत आघाडी कुठल्या कुठे सरकते. वर्ष उमटलं नसेल तर आतल्या पत्रावरची तारीख आणि पाकिटामागचा गावच्या पोस्टाचा शिक्का बघा.

मग शिक्का ब्रिटिश की भारतीय ते ठरवा. भारतीय फौजेच्या शिक्क्यात सहसा 'एफ.पी.ओ. नं.' असं आखूड लिहिलेलं असतं. दोन्हीकडे तेच आकडे असल्यामुळे ब्रिटिश ३४ आणि भारतीय ३४ या दोन वेगळ्या कचेऱ्या. शिवाय भारतीय डिव्हिजनमधले गोरे शिपाईही भारतीय कचेरीतून पत्रं टाकत. पाठवणाऱ्याचं नाव बघून निर्णय करू नका.

आता पत्त्यातली आद्याक्षरं. ही सर्वांत कामाची आणि तितकीच फसवी. दुसऱ्या महायुद्धात 'सीएमएफ' म्हणजे मध्य भूमध्य आघाडी, मुख्यतः इटली. 'पायफोर्स' म्हणजे इराण-इराक. 'बीएलए' म्हणजे नॉर्मंडीत उतरलेली फौज, जी ऑगस्ट १९४५ पासून 'बीएओआर', म्हणजे ऱ्हाईनवरची ब्रिटिश फौज, झाली. 'एमईएफ'ने मात्र मला एकदा चांगलंच गंडवलं. १९१५च्या एका कार्डासोबत मी 'मध्यपूर्व' अशी चिठ्ठी लावून मोकळा झालो होतो. निघालं तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीचं! त्या वर्षी एमईएफ म्हणजे भूमध्य मोहीम फौज. पुढे मेसोपोटेमियातल्या (आजचा इराक) फौजेलाही हीच अक्षरं मिळाली आणि मध्यपूर्व हा अर्थ आला दुसऱ्या महायुद्धात. पहिल्या युद्धातल्या भारतीय तिकिटांवर छापलेलं 'आय.ई.एफ.' (भारतीय मोहीम फौज) तर अनेक आघाड्यांवर चालायचं. 'आय.ई.एफ. डी' असा स्पष्ट पत्ता असेल तरच मेसोपोटेमिया म्हणा, 'ए' असेल तर फ्रान्स.

सेन्सॉरचा शिक्का पूरक पुरावा म्हणून ठेवा. पहिल्या युद्धात त्याचा आकार आधी गोल, मग चौकोनी, पुढे त्रिकोणी असा बदलत गेला, म्हणून काळाचा अंदाज येतो. आतला आकडा जागेचा नसतो.

नंबर, तारीख, आघाडी हाती आली की छापील याद्यांतून तो नंबर कुठल्या डिव्हिजनकडे होता ते काढा. ब्रिटनमधली फोर्सेस पोस्टल हिस्टरी सोसायटी हाच विषय बघते. मग युद्ध-दैनंदिनी, म्हणजे फौजेच्या तुकड्यांच्या रोजच्या नोंदवह्या, उघडा. त्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत: पहिल्या युद्धाच्या दप्तराचा क्रमांक 'डब्ल्यूओ ९५', दुसऱ्यातलं मध्यपूर्व 'डब्ल्यूओ' १६९, इटली १७०, वायव्य युरोप १७१, आग्नेय आशिया १७२. पहिल्या युद्धाच्या नमुन्यात तर ठिकाण, तारीख, वेळ असे रकानेच आखलेले आहेत. तुमच्या तारखेची ओळ शोधली की गावाचं नाव समोर.

तरीही शिपाई इस्पितळात किंवा रजेवर असू शकतो. पत्रातल्या मजकुराशी ताळा बसला नाही, तर सोबतच्या चिठ्ठीवर गावापुढे 'बहुधा' लिहा. पाकिटावर काही लिहू नका, आणि तिकीट भिजवून सोडवू तर मुळीच नका. अर्धा शिक्का त्याच्यावरच असतो.