आजोबांची मेडल्स ट्रंकेतून काढताय? मग या चुका टाळा

१५ ऑगस्ट जवळ आला की नाशिकरोड, देवळाली कॅम्प, भगूर या पट्ट्यात बऱ्याच घरांत जुन्या ट्रंका उघडतात, मेडल्स बाहेर येतात आणि लगेच कोणीतरी चिंच नाहीतर भांड्याची पावडर घेऊन घासायला बसतं. नका हो करू असं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आणि नुकसानही सगळ्यात जास्त हिनेच होतं.

कारण बघा, मेडलची खरी माहिती त्याच्या गोल कडेवर असते. पहिल्या महायुद्धातल्या मेडल्सवर आणि स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या मेडल्सवर कडेला बारीक अक्षरात सैनिकाचा नंबर, रँक, नाव, युनिट ठोकलेलं असतं, आणि दरवर्षी पॉलिश केलं की ती अक्षरं झिजत जातात, एकदा गेली की मग ते मेडल कोणाचं हे सांगणार कोण? चांदी काळी पडणार, ब्रॉन्झ तपकिरी होणार, होऊ द्या. मऊ सुती कपड्याने कोरडी धूळ पुसली की काम झालं. अक्षरं वाचता येत नसतील तर मोबाईलचा टॉर्च आडवा धरा आणि फोटो काढून झूम करा, बऱ्याचदा निम्मा नंबर तरी सापडतो. हिरवट पावडर धरलेली दिसली तर मात्र ते मेडल बाकीच्यांपासून लांब, कोरड्या जागी ठेवा.

रिबन धुवायची नाही. रंग एकमेकांत उतरतात. फारच फाटली असेल तर नवी घाला (लष्करी युनिफॉर्म शिवणाऱ्यांकडे चौकशी करा), पण जुनी फेकू नका, पाकिटात ठेवा. आणि रिबन बदलताना तिच्यावरची धातूची पट्टी, म्हणजे क्लास्प, हरवते ती हरवतेच! सैन्य सेवा मेडलवर ‘हिमालय’, ‘नेफा’ (आजचा अरुणाचल), ‘जम्मू-काश्मीर’ असे क्लास्प असतात, म्हणजे माणूस कुठे होता ते तिथेच कळतं, नुसत्या मेडलवरून नाही. छोटं कमळाचं पान लावलेलं असेल तर तेही जपा, युद्धवृत्तात उल्लेख झाल्याची ती खूण आहे.

चुकीची रिबन लावणारेही खूप. दुसऱ्या महायुद्धाचे सहा टोकांचे स्टार लांबून सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे बर्मा स्टारला आफ्रिका स्टारची रिबन लावलेली फ्रेम सर्रास दिसते. मधल्या गोलावर त्या स्टारचं नाव लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. महावीर चक्राची रिबन अर्धी पांढरी अर्धी केशरी, वीर चक्राची अर्धी गडद निळी अर्धी केशरी, परमवीर चक्राची सरळ जांभळी.

आता एक नाजूक विषय. घरात मेडल आहे म्हणजे ते शौर्यपदकच, असं नसतं. ‘पूर्वी स्टार’ (पूर्व आघाडीचा) आणि ‘पश्चिमी स्टार’ (पश्चिम आघाडीचा) ही मेडल्स १९७१च्या युद्धात त्या त्या आघाडीवर सेवा केलेल्यांना मिळाली, आणि संग्राम मेडल तर त्याहून कितीतरी जास्त लोकांना. यात कमीपणा काही नाही, माणूस युद्धात होता हीच मोठी गोष्ट आहे, पण सोसायटीच्या ग्रुपवर ‘आजोबांना वीर चक्र’ असं टाकून मोकळे होतात आणि मग एखादे रिटायर्ड सुभेदार साहेब सगळ्यांसमोर दुरुस्त करतात. तारखांचंही तसंच, पहिल्या महायुद्धाच्या व्हिक्टरी मेडलवर १९१४–१९१९ छापलंय म्हणून पणजोबा १९१९पर्यंत लढत होते असं होत नाही, ते सगळ्यांच्या मेडलवर तसंच आहे.

सराफ बाजारात वजन करायला तर अजिबात नेऊ नका. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असतं, सराफ चांदीचा भाव सांगणार, त्याला नावाशी काय घेणं! उलट तुमचं मेडल ब्रॉन्झचं निघालं म्हणून ते खोटं समजू नका, मजूर पलटणींतल्या लोकांना तेच मेडल ब्रॉन्झमध्ये दिलं होतं.

रेकॉर्ड शोधताना नाशिककर हमखास एक घोळ घालतात. इथे नाशिकरोड कॅम्पला तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस आहे, म्हणून सगळे तिकडेच चौकशी करतात. ते फक्त तोफखान्याचं. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत असतील तर बेळगाव, बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्करी इंजिनिअर) असतील तर पुण्याजवळ खडकी, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर. आधी कडेवरचं युनिट वाचा, डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्त होताना मिळालेलं सेवापुस्तक) शोधा, मग पत्र लिहा. कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि ते डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका प्लीज, नंतर ते प्लास्टिक निघत नाही, कागदासकट फाटतं. स्कॅन करा ना त्यापेक्षा.

फ्रेम करणार असाल तर मेडल फेविकॉलने चिकटवू देऊ नका, मागचा मजकूर झाकला जातो आणि काढताना वाट लागते, दोऱ्याने टाचून घ्या. उन्हाच्या खिडकीसमोर टांगली तर रिबन फिकी पडते, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर तर नकोच.

राहिलं घालण्याचं. स्वतः मिळवलेली मेडल्स डाव्या छातीवर. वारलेल्या वडिलांची किंवा आजोबांची वारसाने मानवंदनेच्या कार्यक्रमाला घातली तर उजव्या बाजूला. सगळ्यात वरच्या दर्जाचं मेडल छातीच्या मध्याकडे येतं, बाकीची त्याच्यानंतर बाहेरच्या बाजूला, आणि जुन्या फोटोवरून क्रम लावत असाल तर फोटो उलटा छापलेला नाही ना ते शर्टाच्या बटणपट्टीवरून बघून घ्या.