फाउंड्रीत नवीन लागलात? आधी रिजेक्शनचा ढीग बघा

मेकॅनिकलची पदवी घेऊन कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात लागलो, तेव्हा ‘सस्टेनेबिलिटी’ म्हणजे छपरावरचं सोलर आणि गेटजवळची झाडं, एवढीच माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात मोल्डिंगच्या मिस्त्रींनी रिजेक्शनच्या, म्हणजे नापास मालाच्या ढिगापाशी नेलं. “साहेब, ह्यो माल परत भट्टीत जाणार. वीज दोनदा, पैसं एकदाच.”

नव्या पोरांना मी आता तिथूनच सुरुवात करायला लावतो. कागद घ्या, गणित मांडा. इंडक्शन भट्टीत एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साधारण 600 युनिट लागतात. पण ओतलेलं सगळं गिऱ्हाइकाकडे जात नाही. रनर (धातू साच्यात नेणारी वाट) आणि रायझर (धातू थिजताना आकसतो, तेव्हा भर घालणारा साठा) तोडून परत भट्टीत पडतात. यील्ड, म्हणजे ओतलेल्यातला चांगला माल, 60 टक्के असेल, तर टनभर चांगल्या मालासाठी 1.67 टन वितळवायचं, म्हणजे 1,000 युनिट. तेच 70 टक्क्यांवर आणलं की 857. आपल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साईड धरा. टनामागे 100 किलो कमी झाला. नवी मशीन नाही, फक्त पॅटर्नवर (ज्यावरून साचा उठवतात त्या नमुन्यावर) रनर-रायझरची मांडणी बदलली.

हे कळल्यावर माझ्या अंगात आलं. कुणाला न विचारता एका हबचा (चाकाच्या मधल्या भागाचा) रायझर लहान केला. माल वरून चकाचक! गिऱ्हाइकाकडे मशीनिंगला लागला आणि आतून श्रिंकेजची (धातू आकसल्याची) भोकं निघाली. अख्खा लॉट परत. तेव्हापासून आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन, मग चार-पाच बॉक्सची (साच्यांची) ट्रायल, आणि कास्टिंग मधोमध कापून बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही.

बाकी लहानसहान गोष्टी मजल्यावर उभं राहूनच कळतात. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत धातू भट्टीत ताटकळतो, तेवढा वेळ झाकण उघडं राहिलं तर उष्णता नुसती वर जाते. पावसाळ्यात कोअर (कास्टिंग आतून पोकळ ठेवणारे वाळूचे गाभे) ओल धरतात, ब्लो होल (वायूची भोकं) वाढतात. साच्याची वाळू मुठीत दाबून बघायला शिका. मिस्त्रींना त्यावरून कळतं ते मला अजून निम्मंच कळतं.

1 ऑक्टोबर 2023 पासून युरोपियन युनियनने पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट अशा ठरावीक आयात मालामागच्या कार्बनचा हिशोब मागायला सुरुवात केली. आमचं कास्टिंग त्या यादीत नव्हतं, तरी तिकडच्या गिऱ्हाइकाचा फॉर्म आलाच: टनामागे वीज किती? ऑफिसात फक्त महिन्याचं एकत्र बिल. त्यात कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग, पंखे, सगळं मिसळलेलं. सापडलं ते भट्टीवरच्या मामांकडे. भट्टीच्या पॅनेलवरचं रीडिंग प्रत्येक हीटला (भट्टीच्या एका खेपेला) ते वहीत टिपत आले होते, कुणी सांगितलं नसताना. काजळीनं पानं काळी झालेली. एक्सेलमध्ये उतरवायला मला दोन रात्री लागल्या, आणि दोन ठिकाणी आकडा लागेना म्हणून मामांनाच शेजारी बसवावं लागलं.